माळ्याचे दार

चौतीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. लग्नपत्रिका, बँकांचे अहवाल, सहावीचा भूगोल, सगळं माझ्या लाल पेनाखालून गेलं. ज्या माणसाने चौतीस वर्षांत एक ऱ्हस्व-दीर्घ निसटू दिला नाही, त्याला चार स्क्रू पिळून छताला एक शिडी लावणं काय अवघड आहे? हे मी मुलीला फोनवर विचारलं होतं. ती नुसती हसली. हसली की ती हुबेहूब तिच्या आईसारखी वाटते.

आमची इमारत जुनी, तीन मजल्यांची, बिनलिफ्टची. मी सगळ्यात वर. माझं छत आणि वरचं उतरतं कौलारू छप्पर यांच्या मधे माळा आहे. पॅसेजच्या छताला एक चौकोनी भोक आहे, त्याला पूर्वी एक लाकडी शिडी टेकवलेली असायची. ती वाळवीने इतक्या निगुतीने खाल्ली की वरून रंग तेवढा शिल्लक राहिला. तेव्हापासून माळ्यावर कोणी गेलेलं नाही.

मुलगी परगावी असते. दर रविवारी अकराला तिचा फोन येतो आणि दर रविवारी ती एकच सांगते, "बाबा, माळा आवरा, घर विका आणि आमच्याकडे या. एकट्याने कसं होणार तुमचं?" मागच्या रविवारी मी वैतागून पैजच लावली. ओढली की खाली येणारी घडीची शिडी मिळते, ती आणून मी एकट्याने बसवणार. बसली, तर घर विकायचा विषय कायमचा बंद. पण त्यासाठी एकदा जरी कोणाला हाक मारावी लागली, तर मी मुकाट्याने बॅग भरायला घेणार. तिने विचारलं, "शब्द देताय?" मी म्हटलं, "दिला." शब्दांच्या बाबतीत माझा काटेकोरपणा तिला माहीत आहे.

मला घर सोडायचं नव्हतं. इथे माझं कोणी आहे, अशातला भाग नाही. बायको होती तोवर ती अख्ख्या इमारतीला ओळखायची आणि मी तिला ओळखायचो, एवढ्यावर आमचं छान भागत होतं. ती गेल्यावर लोक घरी आले, काही लागलं तर सांगा म्हणाले. मी "काही नको" म्हणालो. लोक भले असल्यामुळे त्यांनी ते खरं मानलं. त्याला दोन वर्षं झाली. पण या घरात तिने कुठली वस्तू कुठे ठेवली आहे ते मला डोळे मिटूनही सापडतं. मुलीच्या घरी दिव्याचं बटणसुद्धा विचारावं लागतं.

शेजाऱ्यांना मी मनातल्या मनात नावं ठेवलेली आहेत. खालच्या मजल्यावर दारआपट बाई राहतात. त्या कामावर गेल्या की माझ्या घरातली भांडी हलतात. तळमजल्यावर सूचनाफलक. म्हणजे इमारतीचे सेक्रेटरी. दर आठवड्याला ते जिन्याखालच्या फळ्यावर एक सूचना लावतात आणि प्रत्येक ओळीत किमान दोन चुका करतात. दूध आणायला जाताना मी त्या लाल पेनाने गुपचूप सुधारतो. दोन वर्षांत माझा कोणाशी पत्रव्यवहार झाला असेल तर तो एवढाच.

तर, शिडी आली. बरोबर माहितीपुस्तिका होती. मी चष्मा पुसला, लाल पेन काढलं आणि तासभर बसून ती तपासली. पहिल्याच पानावर अकरा चुका! 'सुरक्षा'तला 'सु' दीर्घ! सुरक्षेचीच ही गत तर बाकीच्यांचं काय? चौथा नियम असा होता: 'हे काम दोन व्यक्तींनी करावे.' मी 'दोन' खोडून 'एका' केलं आणि 'व्यक्तींनी'चं 'व्यक्तीने' केलं. वाक्य अगदी निर्दोष झालं. अकरावा नियम म्हणत होता: 'दार वर ढकलण्यापूर्वी दुसरी व्यक्ती खाली उभी असल्याची खात्री करावी.' दुसरी व्यक्ती मी चौथ्या नियमातच काढून टाकली होती, त्यामुळे इथे तिचा उल्लेख विसंगत ठरत होता. तो नियमच मी खोडला.

चित्रांमधे मात्र दोन माणसं होती आणि चित्रं काही मला दुरुस्त करता येईनात. प्रत्येक चित्रात एक जण वर, एक जण खाली, आणि दोघंही उगीचच हसत होते.

रविवारी सकाळी आठला कामाला लागलो. शिडी म्हणजे काय, तर एक लाकडी चौकट, तिला बिजागरीवर लोंबणारं पत्र्याचं दार आणि दाराच्या पाठीवर घडी घातलेली शिडी. वजन चांगलं दणदणीत. चौकट भोकात नेऊन बसवायची आणि कोणीतरी ती तिथे धरून ठेवली असताना स्क्रू मारायचे. मी चौकटीला दोर बांधला, दोर छपराच्या तुळईवरून घेतला आणि दुसरं टोक जेवणाच्या टेबलाच्या पायाला बांधलं. हे टेबल सहा जणांचं आहे. त्यावर मी एकटा जेवतो, तेव्हा त्याने एवढं काम करायला हरकत नव्हती.

रंगारी कधीकाळी विसरून गेलेला एक लाकडी घोडा गॅलरीत होता. त्यावर चढून मी चौकट वर रेटली. दोर ताणला गेला आणि टेबल स्वयंपाकघरातून चालत माझ्याकडे यायला निघालं. चार पावलं आलं, तेवढीच चौकट खाली आली. मी ओरडलो, "अगं, धरलंस का?"

माझ्याच तोंडून निघून गेलं हे. घरातला बल्ब बदलायचा असो की जळमटं काढायची असोत, मी वर चढलो की ही स्टूल धरून उभी असायची. मी विचारायचो, धरलंस का, आणि ती म्हणायची, मी सोडलं कधी? मी घोड्यावर तसाच थोडा वेळ उभा राहिलो. टेबल दाराच्या चौकटीत आडवं अडकलं आणि थांबलं. मग मी पुन्हा जोर लावला, आणि या खेपेला टेबलाने घट्ट धरून ठेवलं.

चौकट भोकात बसली. तिच्यातूनच अंग आक्रसून मी माळ्यावर गेलो आणि आतल्या बाजूने बारा स्क्रू पिळले. दोन नट उरले. ते का उरले हे मी स्वतःला विचारलं नाही. हातोडीने ठोकून पाहिलं, चौकट ढिम्म हलेना. एकट्याने! सदुसष्टाव्या वर्षी! आता दार नीट मिटतं का तेवढं पाहावं, म्हणून लोंबणारं दार मी वरून दोरीने ओढून घेतलं. त्याला स्प्रिंगा होत्या. दार माझ्या हातून निसटलं, जाता जाता त्याने घोड्याला लाथ मारली आणि खट्‌कन मिटलं.

दाराची कडी खालच्या बाजूला असते. खाली उभ्या असलेल्या व्यक्तीने ती आकड्याच्या काठीने ओढायची असते. वरून हाताला लागतो तो शिडीच्या घडीभोवतीचा नुसता गुळगुळीत पत्रा. मी ढकललं, दाबलं, त्यावर उभासुद्धा राहिलो. दार उत्तम बसलं होतं. खोडलेला अकरावा नियम मला आता शब्दन् शब्द आठवत होता.

तेवढ्यात खाली फोन वाजला. अकरा वाजले होते. वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. पाचव्यांदा वाजला तेव्हा मी पत्र्याला तोंड लावून "मी बरा आहे" असं ओरडलो. मुलीजवळ इमारतीतल्या कोणाचाच नंबर नव्हता. मीच कधी दिला नव्हता, कारण माझ्याजवळही नव्हता.

माळ्यावर धुळीने माखलेली खोकी होती. बायकोने प्रत्येकावर खडूने नाव घातलं होतं. 'जूने स्वेटर.' 'जूनी भांडी.' 'पोरीच्या शाळेच्या वह्या.' जुन्याचा 'जु' ती जन्मभर दीर्घ काढायची आणि मी तिच्या सामानाच्या याद्यासुद्धा लाल पेनाने दुरुस्त करायचो. एकदा ती म्हणाली होती, साखर तर बरोबर आणलीत ना? आताही माझा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. पण तो 'जू' तसाच ठेवावासा वाटला. मी त्या खोक्याशेजारी बसलो आणि मला फार एकटं वाटलं. तसं रोजच वाटतं, पण रोज निदान दूध तापवायचं असतं.

साडेअकरा झाले. माळ्याला मागच्या अंगणाकडे एक झरोका आहे, डोकं मावेल एवढा. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि पैज आठवली. शिवाय खाली पाण्याचा पंप घरघरत होता, हाक कोणाला गेलीही नसती. मग चिठ्ठी लिहायची ठरलं. खिशातल्या पुस्तिकेचं कोरं पान फाडलं. 'मी अडकलो आहे, मला सोडवा' असं लिहिणं म्हणजे पैज हरल्याची लेखी कबुली. म्हणून 'मी' वगळला. सही वगळली. दोन खर्डे फाडले आणि तिसऱ्यात वाक्यं अशी बसवली:

'माळ्याचे दार बाहेरून बंद झाले आहे. आत एक माणूस अडकला आहे. कृपया ताबडतोब उघडावे.'

सुटसुटीत, शुद्ध आणि कोणाच्याही अब्रूला धक्का न लावणारं. उरलेल्या नटांपैकी एकाला ती चिठ्ठी गुंडाळून मी खाली टाकली.

दारआपट बाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी चिठ्ठी उचलली, वाचली, हातातली चादर टाकली आणि धावल्या. मला वाटलं, झालं, दोन मिनिटांत येतील. पण त्या जिन्याकडे वळल्याच नाहीत. त्या धावल्या अंगणाच्या टोकाला, जिथे आमच्या माळ्याची खोली आहे.

मी झरोक्याशी बसून बघत राहिलो आणि मनातल्या मनात चिठ्ठी पुन्हा वाचली. चौतीस वर्षांत असली चूक माझ्या हातून झाली नव्हती. माळा, त्याचं माळ्याचे. माळी, त्याचंही माळ्याचे! शुद्धलेखनाची चूक असती तर मी मान्यच केली नसती. ही त्याहून वाईट होती.

माळ्याच्या खोलीला खरोखरच बाहेरून कुलूप होतं. असणारच, तो पुढच्या फाटकाशी झाडांना पाणी घालत होता. बाईंनी दार ठोठावलं. सूचनाफलक आले, त्यांनी ठोठावलं. आणखी चार-पाच जण जमले. नंतर कळलं की आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि बाईंना कण्हणंही ऐकू आलं. मग सूचनाफलकांनी पहार मागवली. मी झरोक्यातून दोन्ही हात हलवून नाही, नाही म्हणत होतो. एका गृहस्थांनी वर पाहिलं आणि त्यांनीही मला हात केला.

तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं, कडी वाकली. आतून एक मांजर निघालं. पाठोपाठ फाटकाकडून माळी आला, हातात पाण्याची नळी तशीच वाहती. आपली खोली फोडलेली आणि दारात सगळी सभ्य माणसं पहार घेऊन उभी पाहून त्याने विचारायला तोंड उघडलं. उलट त्यालाच सगळ्यांनी घेरलं. आत कोणाला कोंडलं होतंत, तो माणूस गेला कुठे, खरं सांगा. बिचारा एकेकाचं तोंड बघत होता आणि नळीचं पाणी सूचनाफलकांच्या बुटांत जात होतं.

हे सगळं माझ्या वाक्याने केलं होतं. म्हणजे माझ्या अब्रूपायी एक भला माणूस चोर ठरत होता. आता पैजबीज गेली खड्ड्यात. मी दुसरं पान फाडलं आणि घाईघाईत लिहिलं. पण घाईत माणूस जन्मभर जे करत आला तेच करतो.

'शुद्धिपत्र. आधीच्या चिठ्ठीतील पहिल्या ओळीत "माळ्याचे" याऐवजी "पोटमाळ्याचे" असे वाचावे. झालेल्या तसदीबद्दल दिलगीर आहे.'

दुसरा नट सरळ माळ्याच्या पायाशी पडला. त्याने चिठ्ठी उघडली, ओठ हलवत दोनदा वाचली आणि सूचनाफलकांच्या हातात दिली. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग त्यांची मान सावकाश वर आली. एवढ्या लांबूनही मला कळलं की त्यांनी लाल शाई ओळखली आहे. दोन वर्षं ते त्या शाईच्या मालकाला शोधत होते.

सगळी पलटण जिना चढून आली. माझं दार आतून लॅचने बंद, आता हेही फोडणार असं वाटलं, तोच कुलपात किल्ली फिरली. दारआपट बाईंचा आवाज आला, त्या कोणालातरी सांगत होत्या, "त्यांच्या मिसेसनी देऊन ठेवली होती माझ्याकडे. म्हणाल्या, हे एक दिवस स्वतःलाच कोंडून घेतील आणि हाक काही मारणार नाहीत."

मी पत्र्यावर बसलो होतो, तिथेच डोळे पुसले.

खालून माळ्याने विचारलं, "वर कोण आहे?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

रोज त्याच्यासमोरून जातो, पण त्याला माझं नाव सांगितलं नव्हतं आणि त्याचं विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "तिसरा मजला."

"बाजूला सरका, तिसरा मजला," तो म्हणाला आणि त्याने आकड्याची काठी कडीत अडकवून ओढली. दार उघडलं, शिडी खडखडत उलगडली आणि जमिनीच्या हातभर वर थांबली. आखूड! छताची उंची मोजताना टेपचं एक टोक मी पिठाच्या डब्याखाली दाबलं होतं. तो डबा केव्हातरी सरकला असणार. मी शेवटच्या पायरीपर्यंत उतरलो आणि खाली सात माणसं माझे लोंबकळणारे पाय बघत होती. माळी पुढे झाला, त्याने माझ्या कमरेला दोन्ही हातांनी धरलं आणि लहान मुलाला उतरवावं तसं खाली ठेवलं. दोन वर्षांत मला कोणी असं धरलं नव्हतं. पाय टेकले तरी मी त्याचा खांदा सोडेना. तोही घाई करेना.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला आणि जवळ होत्या म्हणून बाईंनी उचलला. "हो, आहेत ना," त्या म्हणाल्या. "नाही, पडलेबिडले नाहीत. शिडी बसवतायत." मग थोडं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छे, एकटे कशाला असतील? आम्ही सगळे आहोत की इथे."

त्यांना कोणी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. मी पाहिलं तर खरंच सगळे होते. एक जण अडकलेलं टेबल सोडवत होता, सूचनाफलक माझ्या खिशातून पडलेली, दुरुस्त केलेली पुस्तिका फार लक्ष देऊन वाचत होते, आणि चौथ्या नियमापाशी येऊन त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे सांगत नाही.

फोन माझ्याकडे आला. मुलगी आधी रडली, मग रागावली, मग म्हणाली, "पैज लक्षात आहे ना? हाक मारलीत ना शेवटी?"

"हाक नाही मारली. लेखी कळवलं."

"बाबा."

"हरलो," मी म्हटलं. म्हणताना वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

"मग कधी येताय इकडे?"

"येतो. पण लगेच नाही जमायचं. माझ्यामुळे माळ्याच्या दाराचं कुलूप तुटलंय, कडी वाकलीय. ते आधी नीट करून द्यायला हवं."

"तुम्ही पुन्हा वर चढायचं नाही. एकट्याने तर मुळीच नाही."

"अगं, वरचा माळा नाही, खालचा माळी. आणि एकटा कशाला, तो असणार आहे ना बरोबर."

मग जरा निवळलेल्या आवाजात तिने विचारलं, "किती दिवसांचं काम आहे?"

एक कडी, चार स्क्रू. दहा मिनिटांत होईल, तेही मी मधे लुडबुड केली तर. पण मी म्हटलं, "जुनं दार आहे, घाई करून चालणार नाही. दोन महिने तरी लागतील."

माळी शेजारीच उभा होता. त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, ओला हात पँटला पुसला आणि फोनमधे ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "तीन धरा."